निर्जन वाळवंट आणि मधुचंद्राची रजा

चंदगड तालुक्यातील एक तरुण साथी आणि त्याची नियोजित वधू लग्नानंतर चार दिवस जैसलमेरच्या वाळवंटात जाण्याचा बेत करीत आहेत, हे कळताच आपल्या ज्येष्ठांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या चढल्या. हुंडा व मानपान नाकारून नोंदणी विवाह करणाऱ्या या दोघांनी मधुचंद्रासारख्या भांडवली चैनीच्या नादी का लागावे, असा त्या आठ्यांचा अर्थ. हा आक्षेप मला मान्य नाही. परंतु ज्या जाहिरातीच्या भरवशावर हा बेत आखला जात आहे, ती जाहिरातही मला मान्य नाही. या दोहोंची गल्लत होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मधुचंद्र हा शब्द आपण इंग्रजीवरून बेतला, हे खरे. आपल्या भागातील रीत निराळी होती. हळद उतरण्यापूर्वी जोतिबाला व अंबाबाईला जाऊन यावयाचे, पाचपरतावन उरकावयाचे, आणि मग नवऱ्याने मुंबईची वाट धरावयाची. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातून गिरणगावात गेलेल्या कित्येकांचे संसार असेच झाले. तो एका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या गाववाल्यांपैकी एक, खानावळीत जेवणारा. ती गावी, नाचणीच्या शेतात आणि सासूच्या धाकात. भेट व्हावयाची ती गणपतीला नाही तर शिमग्याला, तीही भरल्या घरात. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्याचा आपण यथोचित गौरव करतो. पण त्या खानावळीत जेवणाऱ्या प्रत्येक पानामागे गावी एकटी राहिलेली एक बाई होती, याचा हिशेब आपण क्वचितच मांडला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे अनेक कामगार गावी परतले. कित्येक जोडपी तेव्हा प्रथमच सलग काही महिने एका छपराखाली राहिली, आणि तीही उपासमारीत. बोनस, महागाई भत्ता, बदली कामगार यांवर आपण शेकड्यांनी ठराव केले. नवरा-बायकोला एकमेकांशी निवांत बोलण्याइतका वेळ आणि आतून कडी लावता येईल अशी खोली मिळावी, असा ठराव निदान माझ्या तरी वाचनात नाही.

समाजवादी चळवळीला हा विषय परका आहे असेही नाही. फ्रान्समध्ये जून १९३६ मध्ये संपांची प्रचंड लाट आली आणि लेआँ ब्लुम यांच्या लोक-आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. दोघांची एकच सायकल मारीत निघालेल्या जोडप्यांची छायाचित्रे त्या काळाची खूण ठरली. प्रतिष्ठित वर्गाने या 'रजावाल्यां'ची यथेच्छ टवाळी केली. आपल्या ज्येष्ठांच्या आठ्या नकळत त्या टवाळीच्या पंगतीला जाऊन बसतात, याचे मला वाईट वाटते.

आता जाहिरातीकडे वळू. 'अथांग, निर्जन वाळवंट. वर तारे, आणि खाली फक्त तुम्ही दोघे' अशा थाटाची ही भाषा आहे. जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या पाचपट. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे ६ लाख ७० हजार माणसे राहत होती. चौरस किलोमीटरला १७. आपल्या जिल्ह्यात हाच आकडा ५०४ आहे. वस्ती विरळ खरी, पण विरळ वस्तीला निर्जन कोण म्हणतो व कशासाठी म्हणतो, हे पाहिले पाहिजे. पोखरण याच जिल्ह्यात आहे. १९७४ आणि १९९८ चे अणुस्फोट तेथे झाले ते ओसाड प्रदेश म्हणून, आणि त्या जागेपासून थोड्याच किलोमीटरवर खेतोलाई नावाचे नांदते गाव आहे.

वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. चंदगडच्या पश्चिम भागात जुलैमधील एखाद-दुसऱ्या दिवसात तेवढा पाऊस कोसळतो. अशा ठिकाणी पालिवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी 'खडीन' बांधले: उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढावयाचा. या कौशल्याविषयी पर्यटकाला फारसे काही सांगितले जात नाही. त्याच पालिवालांचे सोडून दिलेले कुलधरा गाव मात्र भुतांचे गाव म्हणून तिकीट लावून दाखविले जाते!

गावागावांनी देवाच्या नावाने राखलेली 'ओरण' म्हणजे तेथील देवराईच. तेथे झाड तोडावयाचे नाही, पण गुरे, मेंढ्या, उंट चारावयास मुभा. सरकारी दप्तरात यांपैकी पुष्कळशा ओरणांची नोंद पडीक जमीन अशी आहे, आणि पडीक म्हटले की ती पवनचक्क्यांना व सौर प्रकल्पांना देण्यास अडचण उरत नाही. देगराय ओरण वाचविण्यासाठी तेथील पशुपालकांना उभे राहावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांची नोंद करण्याचा आदेश दिला. सौर ऊर्जेला आपला विरोध असण्याचे कारण नाही; परंतु वीज शहराला व कुंपण धनगराला, ही वाटणी आपल्याला कशी चालावी? महसूल खाते 'पडीक' म्हणते आणि पर्यटन कंपनी 'निर्जन' म्हणते, तेव्हा दोघेही त्याच माणसाला नकाशावरून पुसत असतात.

ज्या उंटावर बसून नवविवाहितांचे छायाचित्र निघते, त्याची कथा तर आणखी बोलकी आहे. पशुगणनेनुसार देशात २०१२ साली सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ च्या कायद्याने त्याची कत्तल बंद करून राज्याबाहेरील विक्रीवर निर्बंध घातले. बाजारच आटला, किमती कोसळल्या आणि रायका समाजातील पशुपालकांना उंट पाळणे परवडेनासे झाले. शेकोटीपुढे गाणारे मांगणियार आणि लंगा हे वंशपरंपरेने गाणारे मुसलमान कलावंत. मांगणियारांचे यजमान बहुधा राजपूत. त्यांच्या गाण्याची प्रतिष्ठा जगाला कळली ती कोमल कोठारींसारख्यांनी आयुष्यभर केलेल्या कामामुळे. तंबूवाल्याकडे मात्र त्यांचे गाणे 'भोजनासह करमणूक' या एका ओळीत येते.

हे आपल्याला समजावयास जड जाऊ नये. आंबोली, चोर्ला, तिलारी या टापूलाही आता 'अस्पर्श', 'एकांत' अशी विशेषणे लावून विकले जाते. त्या एकांतात धनगरवाडे आहेत, काजूच्या बागा आहेत, आणि शिवकाळापासून पारगडावर राहत आलेली कुटुंबे आहेत. आपल्या अंगणाला कोणी निर्जन म्हटले की आपण रागावतो. जैसलमेरला जाताना तोच राग बरोबर न्यावा, एवढीच माझी अपेक्षा.

म्हणून त्या दोघांनी जावे, अवश्य जावे. थंडीत जावे. बेळगाव-मिरजेवरून जोधपूरची गाडी जाते, तीत बसावे. विमानासाठी हप्त्याचे कर्ज काढू नये, कारण हप्ता फेडताना रात्रपाळी करावी लागली तर एकांत विकत घेऊन एकांतच गमावला असे होईल. समच्या टेकड्यांवरील तंबूंच्या रांगांपेक्षा खुडीसारख्या गावात एखाद्या कुटुंबाच्या घरी उतरावे. उंटवाल्याला व गाणाऱ्याला पैसे थेट त्यांच्या हाती द्यावेत. तंबूत उतरलेच, तर स्नानाचे पाणी कोठून येते आणि हंगाम संपल्यावर तेथील पोरे कोठे जातात, हे विचारावे. यातील कशानेही प्रेमात उणेपणा येत नाही.

राहता राहिला रजेचा प्रश्न, आणि तो आपल्या हातातला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेत ती अट १८० दिवसांवर आली. पण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नाव दर काही महिन्यांनी नव्याने चढते, त्याचे दिवस भरणार कधी? काजूच्या कारखान्यात किलोवर मजुरी घेणाऱ्या मुलीला तर लग्नाच्या दिवसाचाही खाडा पडतो. नवरा व नवरी दोघांनाही विवाहासाठी सात दिवसांची भरपगारी रजा, ही मागणी चंदगड तालुक्यातील आपल्या पुढच्या मागणीपत्रात घालावी असे मी सुचवितो. आणि आपल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांनाही ती लागू असावी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मोर्चाला हजर राहिल्याची कौतुके आता पुरे झाली.