वक्तशीरपणा मधल्या स्थानकांवरही मोजावा: रेल्वे मंडळास निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
रेल्वे मंडळ, रेल भवन, नवी दिल्ली.

विषय: गाड्यांच्या वक्तशीरपणाचे स्थानकनिहाय आकडे जाहीर करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे खानदेश व नाशिक परिसरातील प्रवासी लांब पल्ल्याच्या गाड्यांनी नेहमी ये-जा करतो. आमच्यापैकी बहुतेक जण गाडी सुटते तिथे चढत नाहीत आणि संपते तिथे उतरत नाहीत. त्यामुळे रेल्वेने जाहीर केलेली वक्तशीरपणाची टक्केवारी वाचताना ती आमच्या प्रवासाची वाटत नाही. आकडा खोटा आहे असा आमचा आरोप नाही. तो ज्या जागी मोजला जातो, तिथे आम्ही नसतो.

गाडी शेवटच्या स्थानकावर वेळेत पोहोचली की ती वक्तशीर ठरते; वाटेतल्या थांब्यांवर ती किती वाजता आली, याचा हिशेब त्यात नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने याच त्रुटीवर बोट ठेवले आहे. त्याच अहवालानुसार मेल-एक्सप्रेस गाड्यांचा वक्तशीरपणा २०१२-१३ मधील ७९ टक्क्यांवरून २०१८-१९ मध्ये ६९.२३ टक्क्यांवर घसरला. म्हणजे सर्वांत सोयीच्या ठिकाणी मोजूनही दहातल्या तीन गाड्या उशिराच होत्या.

सोयीचे ठिकाण असे म्हणण्याला कारण आहे. रुळांची कामे आणि वाटेतले खोळंबे गृहीत धरून वेळापत्रकात जादा मिनिटे ठेवावी लागतात, त्याला आमची हरकत नाही. पण बऱ्याच गाड्यांत ही मिनिटे शेवटच्या टप्प्यात साठवलेली असतात. दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ९ किलोमीटर. सुटताना गाडी ते दहा-बारा मिनिटांत कापते. मुंबईत येताना मात्र काही गाड्यांना याच अंतरासाठी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. मधल्या स्थानकावर झालेला उशीर तिथे भरून निघतो आणि गाडी वेळेवर आल्याची नोंद होते. अलीकडे उतरलेल्या प्रवाशाचा गेलेला वेळ मात्र कोणत्याच खात्यात दिसत नाही.

तो वेळ लहान नसतो. गाडी रात्री चाळीस मिनिटे उशिरा आली की तालुक्याची शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग रिक्षावाला मागेल ते द्यायचे किंवा पहाटेपर्यंत फलाटावर बसून राहायचे. एकट्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला यातले काहीच परवडत नाही. परीक्षेला निघालेली मुले आणि मोठ्या दवाखान्यात तपासणीची वेळ मिळालेले रुग्ण आधीच्या गाडीने, कधी आदल्या रात्रीच निघतात, कारण वेळापत्रकावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. आमच्या गाड्यांची वा स्थानकांची नावे आम्ही मुद्दाम दिलेली नाहीत. तक्रार एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध नसून मोजण्याच्या पद्धतीविषयी आहे.

१ जुलै २०२० रोजी सर्व २०१ गाड्या वेळेवर धावल्या आणि १०० टक्के वक्तशीरपणाची घोषणा झाली. ती खरीच होती. पण टाळेबंदीमुळे एरवीच्या हजारो गाड्या तेव्हा बंद होत्या. म्हणून टक्केवारीसोबत किती गाड्या धावल्या, किती रद्द झाल्या, किती अर्ध्या वाटेत थांबवल्या, हेही छापले पाहिजे. रद्द झालेली गाडी उशिरा येत नाही, पण तिचा प्रवासी घरीही पोहोचत नाही.

आमची मुख्य मागणी एकच आहे: प्रत्येक मेल-एक्सप्रेस गाडीचा वक्तशीरपणा तिच्या प्रत्येक थांब्यावर मोजून दरमहा जाहीर करावा. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासून नोंद होणाऱ्या प्रत्येक थांब्यावर, मिनिटभराच्या आतली गाडीच वेळेवर धरली जाते. स्वित्झर्लंडमध्ये तर किती प्रवासी वेळेत पोहोचले, हेच मोजतात. आपल्याकडेही नवा खर्च लागणार नाही. इस्रोच्या साह्याने इंजिनांवर बसवलेली यंत्रणा गाडीचा ठावठिकाणा कळवते आणि प्रत्येक थांब्यावरची वेळ रेल्वेच्याच अ‍ॅपवर दिसते. माहिती जमा होतेच आहे, ती एकत्र करून लोकांपुढे ठेवायची आहे.

त्याबरोबरच वेळापत्रकातील जादा मिनिटे शेवटच्या टप्प्यात न साठवता मार्गावर वाटून द्यावीत, आणि तोवर कोणत्या गाडीला कुठे किती मिनिटे दिली आहेत हे जाहीर करावे. विभागीय रेल्वे ग्राहक सल्लागार समित्यांच्या प्रत्येक बैठकीपुढे स्थानकनिहाय आकडे ठेवावेत, म्हणजे प्रवाशांच्या प्रतिनिधींना ऐकीव गोष्टींवर बोलावे लागणार नाही.

नवे वेळापत्रक लागू होण्यापूर्वी या मागण्यांवर निर्णय घेऊन आम्हाला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
खानदेश व नाशिक परिसरातील रेल्वे प्रवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)