कर्णधारपद उतरल्यानंतर

४ ऑक्टोबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी भारतीय संघ जाहीर झाला आणि एकदिवसीय संघाचे कर्णधारपद रोहित शर्माकडून शुभमन गिलकडे गेले. रोहितचे नाव संघात होते. नावापुढचे बिरुद तेवढे नव्हते. सातच महिन्यांपूर्वी, ९ मार्चला, त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला होता. एकदिवसीय सामन्यांत त्याने ५६ वेळा नेतृत्व केले आणि त्यांतले ४२ सामने जिंकले. इतके देणाऱ्या माणसाला बाजूला का सारावे, हा प्रश्न त्या दिवशी घरोघरी विचारला गेला. जुळे सोलापूर त्याला अपवाद कसे असेल?

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि परवा कोजागरी. जुळे सोलापुरातील एक कुटुंब शहर ओलांडून तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या तळ्याकडे जेवायला निघाले. यंदाचा पाऊस जिल्ह्याला महाग पडला. सप्टेंबरच्या अखेरीस सीनेच्या पुराने कित्येक गावांची उभी पिके नेली. तळ्याचे भरलेले पाणी पाहताना आनंद वाटावा की कसे, असा तो काळ होता. पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या टेबलांपैकी एकावर सारे बसले. पोऱ्याने सवयीने विचारले, “जैन की रेग्युलर?” कांदा, लसूण, बटाटा नको, हे सुनेने सांगितले, शेंगाची चटणी लसणाशिवाय आहे का, हेही विचारून घेतले. आजोबांचे म्हणणे एवढेच होते की ताट दिवस मावळण्याआधी यावे. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो. कडक भाकरी, शेवभाजी, दही आणि ती चटणी वेळेत आली.

नातवाचे मात्र जेवणात लक्ष नव्हते. “आजोबा, त्याने आता खेळूच नये. ज्यांनी पद काढून घेतले, त्यांच्यासाठी का खेळायचे?”

आजोबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारले, “पॉली उम्रीगर माहीत आहेत का तुला? आपल्या सोलापुरात वाढलेले.”

नातवाला ते नाव एका पुरस्कारापुरते माहीत होते. यात त्याचा दोष नाही. सोलापूरने आपल्या चादरीची जेवढी कीर्ती सांगितली, तेवढी या माणसाची सांगितली नाही.

पहलान रतनजी उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. वडील कापडाच्या धंद्यात होते. शाळकरी वयातच कुटुंब मुंबईला गेले आणि १९४८मध्ये उम्रीगर वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळले. कसोटीत भारताकडून पहिले द्विशतक त्यांनी काढले: १९५५, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा. त्याच मालिकेतील पुढच्या कसोटीपासून ते कर्णधार झाले आणि मालिका भारताने २-० अशी जिंकली. एकूण आठ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार अनिर्णित राहिल्या.

नववी कसोटी जानेवारी १९५९मध्ये मद्रासला व्हायची होती. वेस्ट इंडीजचा संघ आलेला होता. पहिल्या कसोटीला उम्रीगर कर्णधार होते, पुढच्या दोहोंना गुलाम अहमद. त्यांनी अंग काढून घेतल्यावर जबाबदारी पुन्हा उम्रीगर यांच्यावर आली. विजय मांजरेकर यांच्या जागी त्यांना मनोहर हर्डीकर हा फलंदाज हवा होता. मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांचा आग्रह ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगर यांनी राजीनामा दिला. विनू मांकड यांना घाईघाईने कर्णधार करण्यात आले आणि भारत २९५ धावांनी हरला. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीला पुण्याचे हेमू अधिकारी कर्णधार झाले. पाच कसोटी, चार कर्णधार!

येथे सुनेने हात थांबवला. “पण बाबा, आदल्या रात्री संघाला असे सोडून जाणे बरे का?”

प्रश्न रास्त आहे आणि आजोबांनी तो उडवून लावला नाही. “बरे नाहीच,” ते म्हणाले. “पण हरल्यावर उत्तर द्यायचे कर्णधाराने आणि माणसे निवडायची दुसऱ्यांनी, हेही बरे नाही. शिवाय ते पद सोडून गेले. संघ सोडून गेले नाहीत.”

हा भेद महत्त्वाचा आहे. रागाने राजीनामा देणारे पुष्कळ असतात. राजीनाम्यानंतर त्याच संघात साधा खेळाडू म्हणून उभे राहणारे थोडे. १९५९च्या उन्हाळ्यात इंग्लंडला उम्रीगर दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली गेले आणि मँचेस्टरला त्यांनी ११८ धावा काढल्या. त्याच वर्षी डिसेंबरात कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवले. कर्णधार होते रामचंद. पहिल्या डावात ६९ धावांत नऊ बळी घेतले जसू पटेल यांनी, म्हणजे ज्यांच्या निवडीवरून मद्रासला सारे बिनसले होते त्यांनीच. दुसऱ्या डावात पटेल यांनी पाच बळी घेतले आणि त्यांच्या जोडीला गोलंदाजी करून २७ धावांत चार बळी घेणारे होते उम्रीगर. ऑस्ट्रेलियाचा डाव १०५ धावांत आटोपला. मतभेद व्यक्तीशी नव्हताच, हे याहून स्वच्छपणे कसे सांगता आले असते?

याहून मोठी परीक्षा १९६२च्या मार्च महिन्यात आली. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि त्यांच्या जिवावर बेतले. रक्त देण्यासाठी जे पुढे आले त्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, चंदू बोर्डे होते, बापू नाडकर्णी होते आणि उम्रीगरही. संघाचे नेतृत्व २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे गेले. उम्रीगर तेव्हा छत्तिशीचे. पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मुलाच्या हाताखाली खेळायचे, तेही मालिकेत एकामागून एक पराभव होत असताना. पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात ५६ धावा केल्या, पाच बळी मिळवले आणि फॉलोऑननंतर नाबाद १७२ धावा काढल्या. भारत ती कसोटी हरला. तरीही उम्रीगर यांचा सर्वांत मोठा सामना कोणता, असे विचारले तर जाणकार याच सामन्याकडे बोट दाखवतात. त्या दौऱ्यानंतर ते कसोटीतून निवृत्त झाले. ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके, हे तिन्ही तेव्हा भारताचे विक्रम होते.

आजोबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे होते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली धावसंख्या ते वहीत उतरवून घेत. नाबाद १७२ हा आकडा त्यांना त्या दिवशी तळ्याकाठीही पाठ होता.

रोहितने या गोष्टी वाचल्या असतील की नाही, कोण जाणे. जानेवारी २०२५मध्ये सिडनीच्या कसोटीत, स्वतः कर्णधार असताना, धावा होत नाहीत म्हणून तो बाहेर बसला होता. मे महिन्यात त्याने कसोटी क्रिकेट सोडले; तेथेही त्याच्या नावावर बाराच शतके आहेत. कर्णधारपद गेल्यानंतरच्या दौऱ्यात, २५ ऑक्टोबरला, तो पुन्हा सिडनीच्याच मैदानावर उतरला. वय ३८, कर्णधार २६ वर्षांचा गिल. नाबाद १२१ धावा काढून, विराट कोहलीला जोडीला घेऊन त्याने सामना नऊ गडी राखून जिंकून दिला आणि मालिकावीराचा मान घेतला.

उम्रीगर यांचे ७ नोव्हेंबर २००६ रोजी निधन झाले. वर्षातील सर्वोत्कृष्ट भारतीय क्रिकेटपटूला भारतीय मंडळ जो पुरस्कार देते, तो त्यांच्या नावाचा आहे. जानेवारी २०२४मध्ये हैदराबादला, जेथे त्यांनी २२३ धावा काढल्या त्या शहरात, २०२२-२३ या वर्षासाठीचा तो पुरस्कार शुभमन गिलला देण्यात आला.