पट्ट्याचा रंग आणि आपली सही

परीक्षांचा हंगाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मार्च महिना येतो. आमच्या नेहरू नगरात मात्र दर तीन-चार महिन्यांनी आणखी एक हंगाम येतो, तो कराटेच्या पट्ट्यांच्या परीक्षेचा. संध्याकाळी उद्यानात पांढऱ्या गणवेशातील मुले ओळीने 'काता' घोटू लागतात आणि दवाखान्यात पालक एक छापील कागद घेऊन येऊ लागतात. "डॉक्टरसाहेब, तपासायचं काही नाही, फक्त सही हवी आहे."

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी सही केली. मुलगा दहा वर्षांचा, जन्मापासून माझ्याकडे येणारा. बाहेर तापखोकल्याची गर्दी होती. उजवा हात त्याने खिशातून काढला नाही, हे मला दिसले. पण मी त्याची दखल घेतली नाही. पंधरा दिवसांनी आई त्याला घेऊन आली तेव्हा मनगट सुजले होते. आवळलेल्या मुठींवर जोर काढण्याच्या सरावात ते महिनाभर आधीपासूनच दुखत होते. क्ष-किरण चित्रात मनगटाजवळच्या वाढीच्या पट्टीवर ताण आल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. "आधी का सांगितले नाहीस?" असे मी विचारले. तो म्हणाला, "काका, सांगितलं असतं तर तुम्ही सही केली नसती."

माझ्या सहीवर त्या मुलाचा माझ्यापेक्षा अधिक विश्वास होता. हा लेख त्या उत्तरातून निघाला आहे.

आपण सारे जाणतो की, वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चेची पट्टी हा मुलाच्या सांगाड्यातील नाजूक दुवा असतो. ज्या आघाताने मोठ्यांचा स्नायुबंध दुखावतो, त्याच आघाताने मुलाची ही पट्टी दुखावू शकते. किशोरवयाच्या उत्तरार्धापर्यंत मनगटाजवळची ही वाढ चालू असते. तोवर मुठींवर शेकडो जोर किंवा कौले फोडण्याची प्रात्यक्षिके यांना शौर्य म्हणणे मला पटत नाही. डोक्यावरील आघातांविषयीही तेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली युद्धकलांविषयी दिलेल्या निवेदनात मुलांच्या डोक्यावर प्रहार होऊ नयेत, अशीच भूमिका घेतली आहे.

परंतु दोष कराटेचा नाही. दोष आहे तो घाईचा, आणि ही घाई त्या विद्येच्या मूळ परंपरेशी सुसंगत नाही. 'दान' ही श्रेणी मूळची 'गो' या जपानी बैठ्या खेळातली. ज्युडोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८३ साली ती आपल्या शिष्यांना प्रथम दिली. रंगीबेरंगी पट्ट्यांचा प्रसार त्यानंतर बऱ्याच काळाने, १९३० च्या दशकात युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये झाला. शिकणाऱ्याचा उत्साह टिकावा, हा त्यामागचा हेतू. तो वाईट नव्हता.

याच कुळातील 'केंडो' या जपानी खड्गविद्येकडे पाहावे. तिथे पट्ट्याला रंगच नाही. खेळाडूची श्रेणी त्याच्या पोशाखावरून ओळखता येत नाही. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष थांबावे लागते, तिसऱ्यासाठी आणखी दोन, चौथ्यासाठी तीन, आणि असे करत सातव्यासाठी सहा. आठव्या दानासाठी सातव्यानंतर दहा वर्षे जावी लागतात आणि वयाची किमान ४६ वर्षे पूर्ण असावी लागतात. पहिल्यापासून आठव्यापर्यंतचा हा प्रवास कमीत कमी ३१ वर्षांचा. एवढे करूनही आठव्या दानाच्या परीक्षेत शंभरात जेमतेम एखादाच उत्तीर्ण होतो. साठी-सत्तरीचे गुरुजन पुन्हा पुन्हा बसतात, अनुत्तीर्ण होतात आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर राहतात. त्या परीक्षेच्या तयारीत थांबणे हाच अभ्यासक्रमाचा एक भाग आहे.

एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यक्रीडाप्रकार आहे. आपल्या मराठी घरांना त्याचा अभिमान वाटतो. त्या खांबावर पकड सुटली की मूल खाली येते, आणि कोणतेही प्रमाणपत्र त्याला वर ठेवू शकत नाही.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. आठ वर्षांच्या मुलाला एकतीस वर्षांची वाट दाखवून चालणार नाही. त्याला जवळच्या पायऱ्या हव्यातच. पिवळा पट्टा मिळाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मलाही हवा आहे. किती तरी बुजरी मुले या वर्गांमुळे ताठ मानेने चालू लागलेली मी पाहिली आहेत. म्हणून पायऱ्या असाव्यात. पण दुखत असेल तर एका पायरीवर बसून राहण्याची मुभाही असावी. 'या वेळी नको, पुढच्या वेळी बसू' हे वाक्य घरात लाजेविना उच्चारले गेले पाहिजे.

व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. त्या कागदावर सही करण्यापूर्वी दहा मिनिटे द्या. मनगटे, कोपरे, गुडघे दाबून पाहा. दमा, फिट, व्यायाम करताना आलेली चक्कर, कुटुंबात अकाली झालेला आकस्मिक मृत्यू यांविषयी विचारा. स्पर्धेतील वजनगटासाठी मूल उपाशी राहत नाही ना, याची चौकशी करा. शक्य असेल तर पालकांना क्षणभर बाहेर बसवून मुलालाच विचारा, "कुठे दुखतंय का?" आणि गरज वाटल्यास 'परीक्षा पुढे ढकलावी' असे स्वच्छ अक्षरात लिहा. पालक नाराज होतील, कदाचित दुसरीकडे जातील. तरीही लिहा.

तो मुलगा तीन महिने सरावाला गेला नाही. त्याच्या तुकडीतील मुले पुढच्या रंगात गेली, तो मागच्याच रंगात राहिला. मनगट पूर्ण बरे झाल्यावर तो पुन्हा कागद घेऊन आला. मी काही बोलण्याआधीच त्याने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले.