हिमोग्लोबिन वाढले, कोठार रिकामेच!

महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरी त्याच भगिनी वर्षभराने फिकट चेहऱ्याने माझ्याकडे परत येतात. बहुतेकींचे कारण ठरलेले : हिमोग्लोबिन १२ झाले की गोळ्या बंद!

आपली पेशी असा उतावीळपणा करीत नाही. लोह साठविण्यासाठी ती फेरिटिन नावाचे प्रथिन बनविते. त्याचा हुकूम आरएनएवर लिहिलेला असतो आणि हुकुमाच्या सुरुवातीला केसांच्या पिनेसारखी एक घडी असते. शास्त्रज्ञांनी ती १९८७ मध्ये ओळखली. लोह कमी पडले की एक नियामक प्रथिन या घडीवर कुलपासारखे बसते आणि फेरिटिन बनणे थांबते. मालच नाही, तर गोदाम कशाला? त्याच वेळी लोह आत घेणारी दारे पेशी वाढविते. लोह पुरेसे झाले की कुलूप निघते.

जयसिंगपूरच्या व्यापारी मंडळींना हा हिशोब समजावायला नको. आलेले लोह आधी रक्त बनविण्यात खर्च होते; शिल्लक नंतर पडते. म्हणून हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चांगले. मात्र थॅलेसिमियासारख्या आजारात लोह आधीच जास्त असू शकते, तेव्हा तपासणीशिवाय गोळ्या घेऊ नयेत.

सर्वांना वाढून उरलेले खाणाऱ्या गृहिणीच्या या कोठाराची काळजी घरच्यांनीच घ्यायला हवी.