झाडावर चढणाऱ्याचा रोज कोण ठरविणार?

मृग नक्षत्र जवळ आले की मुंबई-पुण्यासारख्या शहरांत फांद्या छाटण्याची धांदल उडते. रस्त्यावरील झाडे महानगरपालिका ठेकेदारांकडून छाटून घेते. आवारातील झाडांसाठी गृहसंस्थांचे चिटणीस स्वतः माणूस शोधू लागतात. माणूस सापडतोही. खांद्यावर दोराचे वेटोळे, कमरेला कोयता, असा तो येतो आणि तीन-चार मजल्यांच्या उंचीवर चढून जातो. संध्याकाळी तो खाली उतरला व त्याने आपला रोज मागितला की चिटणीस महाशयांच्या कपाळाला आठ्या पडतात. "एका दिवसाला एवढा रोज!" असे ते म्हणतात, आणि आजूबाजूचे सभ्य गृहस्थ माना डोलावतात.

या 'एवढा रोज' शब्दांचाच आज आम्हाला हिशेब मांडावयाचा आहे. कारण हा हिशेब आजवर नेहमी दुसऱ्यानेच मांडला, आणि आपण तो मुकाट्याने मान्य केला.

समजा, चढणाऱ्याला दिवसाला हजार रुपये मिळाले. कारखान्यातील मजुराला रविवार सोडून महिन्याचे सव्वीस दिवस काम असते. झाडावरच्या माणसाला ते नसते. पावसाळ्यापूर्वीचे काही आठवडे, वादळानंतरचे काही दिवस, मधून मधून नारळ उतरविणे किंवा झावळ्या साफ करणे, एवढीच त्याची सुगी. भर पावसात बुंधा शेवाळतो, पाय ठरत नाही, आणि शहाणा माणूस चढत नाही. वर्षाचे एकशेवीस दिवस काम मिळाले असे धरले तर एक लाख वीस हजार रुपये झाले. त्यातून दोर, कोयते, करवत, यंत्रकरवत असल्यास तिचे तेल व साखळी, आणि जाण्यायेण्याचे भाडे यांपोटी अवघे नऊ हजार वजा करा. उरले एक लाख अकरा हजार. बारा महिन्यांनी भागिले तर महिना नऊ हजार दोनशे पन्नास रुपये पडतात.

आता दुसरा आकडा पाहा. केंद्र सरकारने नेमलेल्या डॉ. अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये आपला अहवाल दिला. कोणतेही विशेष कौशल्य नसलेल्या कामगारालाही जगण्यासाठी दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये मिळालेच पाहिजेत, अशी तिची शिफारस होती. आणि ती २०१८ सालच्या भावांवर बेतलेली होती. त्या शिफारशीची बूज न राखता सरकारने त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवरील किमान रोज १७६ वरून १७८ रुपयांवर नेला. दोन रुपयांची ही वाढ काय म्हणावी! ते असो. आमचा मुद्दा असा की, ज्या हजार रुपयांनी चिटणीसांचे डोळे विस्फारले, ते हजार रुपये घेणारा माणूस वर्षाच्या हिशेबात त्या शिफारशीच्याही खाली उभा आहे. आणि हजाराऐवजी सातशे किंवा सहाशे हातावर टेकवले जातात तेथे काय घडते, हे ज्याचे त्याने भागून पाहावे.

शिवाय या हिशेबात पडण्याची किंमत धरलेलीच नाही. गुलमोहराची फांदी कोणतीही सूचना न देता कडकन मोडते. पानांच्या आड विजेची तार असते, मधमाश्यांचे पोळे असते. हात मोडला तर सहा महिने घरात चूल कशी पेटेल, याची तरतूद कोणत्या रोजात आहे? १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले, तेव्हा त्यात तीन माणसांचे अन्न, कुटुंबाला वर्षाचे बहात्तर वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वेतनाचा पाचवा हिस्सा धरला होता. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी व म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत असे सांगितले. हे माप जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्याचे आहे. चाळीस फुटांवर लोंबकळणाऱ्याचे माप त्याहून मोठे हवे, एवढे समजण्यास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नसावी.

"परंतु दर बाजार ठरवितो, त्याला कोणी बळजबरीने चढविले काय?" हा प्रश्न मोठ्या साळसूदपणे विचारण्यात येतो. याचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच देऊन ठेवले आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू असताना तेथील मजुरांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात जो राबतो, तो भुकेच्या सक्तीने राबतो. आणि ती सक्ती राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेल्या वेठबिगारीतच मोडते, असा त्या निकालाचा आशय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बेकार माणसाच्या तथाकथित स्वातंत्र्याचा फुगा आधीच फोडला होता. ज्याच्या घरी दाणा नाही त्याचा होकार हा होकार नव्हे.

वेठ म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. गावकामगार महाराला पाटलाच्या दारी लाकडे फोडावी लागत, कचेरीत सरपण पोचवावे लागे. कुऱ्हाड हीच, लाकूडही हेच. त्या कामाला वेळ नव्हती, माप नव्हते आणि दर तर नव्हताच. बलुते म्हणून खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे, आणि शिळी भाकर मिळाली तर वर जोहार घालायचा. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली ती याच गुलामगिरीच्या मुळाशी घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा यावयास त्यानंतर १९५८ साल उजाडावे लागले. मजूरमंत्री या नात्याने किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये मांडणारे बाबासाहेबच होते, आणि दोन वर्षांनी त्याचा कायदा झाला. कामाला आधी दर हवा आणि तो हक्क म्हणून हवा, हा विचार आपल्या घरात काल-परवा आलेला नाही.

म्हणूनच "लाकूड तू घेऊन जा आणि मजुरी कमी घे" असे जेथे कोठे सांगितले जाते, तेथे आम्हाला बलुत्याचा वास येतो. सरपण म्हणजे रोज नव्हे. लाकूड द्यायचे असेल तर त्याची किंमत वेगळी लावावी आणि रोज रोखीने चुकता करावा.

आता कायद्याची अडचण पाहू. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि किमान वेतनाचा हक्क सर्व प्रकारच्या उद्योगांतील कामगारांपर्यंत पोचला, असा डांगोरा पिटण्यात आला. परंतु कायदा पहिला प्रश्न विचारतो तो असा की, मालक कोण? झाडावरचा माणूस आज या आवारात, उद्या त्या बंगल्यात. ठेकेदार म्हणतो, तो माझा नोकर नाही, तो स्वतंत्र कारागीर आहे. गृहसंस्था म्हणते, आम्ही तर ठेकेदाराला पैसे दिले. स्वतंत्र या सुंदर शब्दाचा उपयोग माणसाला कायद्याच्या छपराबाहेर काढण्यासाठी व्हावा, हा काय न्याय! इंग्लंडातही हीच पळवाट आहे. तेथे या कारागिराला वृक्षांचा शस्त्रवैद्य म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्या दोराची व पट्ट्यांची दर सहा महिन्यांनी तज्ज्ञाकडून तपासणी करण्याचे बंधन आहे. वर एक माणूस असेल तर त्याची सुटका करू शकणारा दुसरा खाली हवा, असा धंद्याचा दंडक आहे. तरीही जो खरोखर स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो, त्याला तेथील १९९८ चा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. नाव मोठे मिळाले, दराची हमी मात्र नाही. आपल्याकडे नावही नाही आणि दोराची तपासणीही नाही.

झाडाची किंमत मात्र ठरली आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये सांगितले. आम्हाला झाडाचा हेवा नाही. ज्या महापुरुषाला पिंपळाखाली बोधी प्राप्त झाली, त्याचे अनुयायी वृक्षाचे शत्रू कसे असतील? पण झाडाचे मोल करणाऱ्या समाजाला त्याच झाडावर चढलेल्या माणसाचे मोल करावेसे वाटत नाही, याची चीड आल्यावाचून राहत नाही. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला उपदेश करताना धन्याची पाच कर्तव्ये सांगितली. माणसाच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, ही त्यांतील पहिली तीन. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजच्या ठेकेदारापेक्षा अधिक पुरा होता.

येथे आपल्याच माणसांना दोन कडू शब्द सांगणे भाग आहे. शिक्षण व राखीव जागांच्या बळावर आपल्यातील कित्येक कुटुंबे आज सदनिकांतून राहतात आणि संस्थांच्या कार्यकारिणीवर बसतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, संध्याकाळी त्रिशरण-पंचशील, आणि खाली फाटकाशी झाड छाटणाऱ्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस! दुकानातील कापडाचा भाव निमूट देणारा हात येथेच का आखडतो? या कामात आपले किती आणि परके किती, ही मोजणी आम्हाला करावयाची नाही. तो कोणीही असो, त्याचे पैसे कापणारा बौद्ध दीक्षेचा अर्थ समजला आहे असे आम्ही मानीत नाही.

आणखी एका फुकट श्रमाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. नवरा वर फांदी तोडतो. बायको खाली दोर धरते, फांद्या ओढते, पाला गोळा करते, आवार झाडून काढते. रोज एकच दिला जातो, तोही नवऱ्याच्या हातात. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला आणि तेच तत्त्व आता वेतन संहितेत आले आहे. पण जिला वेतनच नाही तिला ते समान कसे मिळणार? तिने दिवसभर काम केले असेल तर तिचा रोज वेगळा, आणि तो तिच्याच हातात पडला पाहिजे. या बाबतीत ठेकेदाराइतकाच नवराही दोषी आहे.

यंदाची छाटणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नाक्यावरील चढणाऱ्यांनी एकत्र बसून एक दर ठरवावा आणि त्याखाली कोणीही चढू नये. दर ठरविताना वर्षातील रिकामे दिवस मोजावेत, हत्यारांची झीज मोजावी. काम घेताना साध्या कागदावर लिहून घ्यावे: रोज किती, माणसे किती, लाकूड कोणाचे, अपघात झाल्यास औषधोपचाराचा खर्च कोणाचा. झाड तोडावयाचे असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी प्रथम पाहावी; १९७५ च्या कायद्याखाली गुन्हा घडल्यास कोयता ज्याच्या हातात त्याच्याकडेच बोट दाखविले जाते, चिटणीस तेव्हा जिन्यावरही दिसत नाहीत. तार जवळून जात असेल तर वीज बंद केल्याखेरीज पाय उचलू नये. आणि अक्षर ओळखणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे कागद लिहून देण्यासाठी प्रत्येक विहारात रविवारची सकाळ राखून ठेवावी.