मांडीवरचं कॉकपिट



मागच्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर तुमच्यापैकी तिघांनी जो प्रश्न विचारला त्याचा बॅटरीशी काही संबंध नाही. घरच्या कम्प्युटरवर विमान उडवायचं आहे, तर हातात धरायचा कंट्रोलर कोणता घ्यावा? तिघांनाही तो शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी हवा आहे. आमच्या दर्पण कॉलनीतल्या घरात तो हवा होता एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांना. पण त्या निमित्ताने आम्ही जी धडपड केली ती तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून सगळंच सांगते.

आजोबा एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते. महाराजपूरच्या तळावर १९८५ साली मिराज-२००० आली तेव्हा ते इथेच होते. पंख, शेपूट, चाकं, विमान वळवणारे ते हलते भाग, हे त्यांचं काम. कॉकपिटमध्ये ते असंख्य वेळा बसले, पण विमान जमिनीवर उभं असताना. उडवलं कधीच नाही. गेल्या डिसेंबरात बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग पलंग. थाटीपूरवरून जेट गेलं की खिडकीकडे मान वळवायची, आवाज विरेपर्यंत ऐकायचं आणि पुन्हा भिंतीकडे बघायचं. फिजिओवाले भैया रोज सांगायचे, अर्धा तास तरी टेकून बसा. आजोबा दहा मिनिटांत "बस झालं" म्हणायचे.

होळीला धाकटा भाऊ इंदूरच्या हॉस्टेलवरून आला आणि त्याने आपला लॅपटॉप आजोबांसमोर ठेवला. मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर, ग्वाल्हेरची धावपट्टी, पांढरं सेसना. आजोबा दीड तास बसले.

आता आमची पहिली चूक. मी उत्साहाच्या भरात टेबलावर ठेवायची भलीमोठी जॉयस्टिक मागवली. दिसायला अगदी खरी. पण तिला घट्ट टेबल लागतं आणि समोर खुर्ची लागते. पलंगावर जेवणासाठी ठेवतो त्या घडीच्या टेबलावर ती ठेवली, आजोबांनी दांडा मागे ओढला आणि टेबलासकट सगळं त्यांच्या अंगावर आलं. पायाने दाबायच्या रडर-पेडलचा तर प्रश्नच नव्हता. जॉयस्टिक माळ्यावर गेली. म्हणून तुम्हालाही आधी हेच विचारते: तुम्ही बसणार कुठे? स्वतंत्र टेबल असेल, ते कुणी रोज आवरायला सांगणार नसेल, तर मोठी जॉयस्टिक जरूर घ्या, तिच्यासारखी मजा नाही. पण हॉस्टेलची कॉट, हॉलमधला सोफा, सुट्टीत आजोळी जाताना बॅग, असं असेल तर दोन्ही हातांत मावणारा, मांडीवर टेकणारा कंट्रोलरच बरा.

भावाचा जुना गेमपॅड घरात होताच. तो जोडला. गेमपॅडवर विमान उडवायला खूप जण नाक मुरडतात. त्यात अर्धं तथ्य आहे. खऱ्या विमानातला दांडा चांगला वीतभर हलतो, गेमपॅडची कांडी अंगठ्याखाली जेमतेम बोटाच्या पेरभर. म्हणजे अंगठा जरासा सरकला की विमानाचं नाक आकाशाकडे. यावर उपाय मात्र फुकट आहे आणि बहुतेक लोक तो करतच नाहीत. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी म्हणून एक वक्ररेषा असते. ती मध्याजवळ सपाट करायची. मग कांडी अर्धी ढकलली तर शेपटीवरचा एलिव्हेटर अर्धा न हलता पावभरच हलतो, आणि शेवटपर्यंत ढकलली तर पूर्ण. आम्ही मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ती उणे ४० वर ठेवली आहे. शिवाय कांडीवर बसवायच्या उंच रबरी टोप्या मिळतात. कांडी उंच झाली की अंगठ्याला जास्त अंतर फिरावं लागतं आणि नेमकेपणा वाढतो.

तरीही आजोबांचं विमान सरळ जाईना. सारखं डावीकडे कलायचं आणि नाक खाली घालायचं. ते सावरायचे, ते पुन्हा कलायचं. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "अगं, त्यांचा हात थरथरतो हल्ली. चहाचा कपसुद्धा." बाबांनी न्यूरोच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आजोबांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी पॅड उशाशी तसाच पडून होता. "माझ्याच्याने नाही होत गं ते," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी मीच आग्रह करून पुन्हा लॅपटॉप लावला. या वेळी त्यांनी इंजिन सुरू करायच्या आधी मला म्हटलं, "पहिले मला बाहेरून विमान दाखव." मग कांडी पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे, मागे. पंखावरचे एलेरॉन, शेपटीवरचा एलिव्हेटर बरोबर हलतात का, कुठे अडकतात का, ते बघत होते. उड्डाणाआधीची ही तपासणी त्यांनी नोकरीत रोज केली होती. शेवटी त्यांनी अंगठा काढून घेतला आणि स्क्रीनकडे बोट केलं. "हे बघ. मी सोडलंय. एलेरॉन मध्यावर नाही आलं."

मी पॅड त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. कुणाचाही हात लागलेला नव्हता. विंडोजमध्ये "सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स" असं शोधलं की एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात कांडीची जागा दाखवणारं अधिकचं चिन्ह असतं. ते मध्यावर हवं. आमचं वर डाव्या कोपऱ्याकडे सरकून थरथरत होतं. आजोबांचा हात नाही, पॅड थरथरत होता!

याला ड्रिफ्ट म्हणतात. साध्या पॅडमध्ये कांडीखाली कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूची जीभ घासत फिरते. वर्षा-दोन वर्षांत पट्टी झिजते, आत धूळ जाते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या आंधीत काय होत असेल ते सांगायला नको. नेमबाजीच्या खेळात थोडा ड्रिफ्ट खपून जातो, विमानात नाही, कारण तिथे तुम्ही सबंध वेळ मध्याजवळच असता. डेड झोन वाढवून तो लपवता येतो, म्हणजे मध्याजवळची हालचाल सिम्युलेटरने मोजायचीच नाही. पण उतरताना ज्या बारीकशा दुरुस्त्या लागतात त्या नेमक्या त्या मेलेल्या भागातच हरवतात. म्हणून माझं मत: वक्ररेषा हवी तेवढी सपाट करा, डेड झोन मात्र कमीत कमी. तो वाढवावा लागत असेल तर पॅड बदला.

नवीन घेताना मग हॉल इफेक्टचा घेतला. त्यात चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे घासून झिजायला काही उरत नाही. टीएमआर नावाचा नवा प्रकारही असाच चुंबकावर चालतो. एटबिटडू, गेमसर यांचे असे पॅड आहेत, आपल्याकडच्या कॉस्मिक बाइटचेही आहेत, आणि दोन-अडीच हजारांत काम होतं. खोक्यावर नुसतं "गेमिंग" लिहिलेलं बघून घेऊ नका, कांड्यांसाठी हॉल इफेक्ट हा शब्द शोधा. दुसरं, मागचे दोन ट्रिगर हळूहळू दाबले जाणारे हवेत, कारण रडर त्यांच्यावर असतो. स्वस्त पॅडमध्ये काही वेळा ट्रिगर म्हणजे नुसतं बटण असतं. मग रडर एक तर शून्य, नाही तर पूर्ण, आणि विमान धावपट्टीवर नागमोडी चालतं. तिसरं, वायर असलेला घ्या. बॅटरीची कटकट नाही आणि लाइट गेली तरी लॅपटॉपवर चालतो.

थ्रॉटलची एक गंमत. पॅडची कांडी सोडली की मध्यावर येते. इंजिनाची ताकद तिच्यावर लावली तर अंगठा उचलताच तीही आपोआप बदलते. म्हणून ती बटणांवर ठेवायची: एकाने वाढते, दुसऱ्याने कमी होते, सोडलं तरी जिथे आहे तिथे राहते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये एक्सबॉक्सच्या पॅडला हे आधीच असं लावलेलं असतं. आणि चार दिशांच्या बटणांपैकी वर-खाली ट्रिमला द्या. हे मला आजोबांनी शिकवलं. मी ट्रिमने विमान वर-खाली न्यायला बघत होते. ते म्हणाले, "ट्रिमने चालवत नाहीत गं. आधी हाताने नाक पाहिजे तिथे आण, मग ट्रिम इतकं दे की हात सोडता आला पाहिजे." त्या दिवसापासून अंगठा दुखायचा थांबला. त्यांचाही आणि माझाही.

खास विमानासाठी बनवलेले हातातले कंट्रोलरही आता आले आहेत. यॉमन ॲरो हा त्यातला नावाजलेला. त्याचे दोन्ही रडर आतून जोडलेले आहेत, एक दाबला की दुसरा वर येतो, अगदी पायातल्या पेडलसारखं. ट्रिमचं चाक आहे, थ्रॉटलसाठी सोडलं तरी जागेवर राहणारे सरकते दांडे आहेत. म्हणजे गेमपॅडच्या तिन्ही दुखण्यांवर औषध. पण किंमत २०० डॉलरच्या आसपास, बाहेरून मागवला तर वर कस्टम, आणि एक्सबॉक्सवर तो चालत नाही. न्यू जर्सीचा मामेभाऊ दिवाळीला येताना आणतो म्हणाला. आजोबांनी विचारलं, "बिघडला तर उघडून देईल कोण इथे?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. तुमचा मुलगा सहा महिने साध्या पॅडवर टिकला आणि रडरसाठी तक्रार करू लागला, तर बघा. त्याआधी नको.

महागडा लॅपटॉपही लगेच नको. फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर पूर्ण फुकट आहे. गूगल अर्थ प्रोमध्येही टूल्सखाली एक लहानसं सिम्युलेटर दडलेलं आहे, त्यात एफ-१६ आणि एसआर२२ अशी दोन विमानं मिळतात. पॅड जोडून मूल आठवडाभर रमतंय का ते तिथे कळतं. आणि पायलट व्हायची स्वप्नं बघणाऱ्यांना एक सांगून ठेवते: घरच्या सिम्युलेटरचे तास लायसन्समध्ये धरत नाहीत. कमर्शियल लायसन्सला लागणारे २०० तास बहुतांशी खऱ्या विमानात भरावे लागतात, सागरजवळच्या ढान्याला असोत की गोंदियाला.

मुलांना लढाऊ विमान आधी हवं असतं. आजोबांनाही मिराजच हवं होतं. पण त्याच्या दांड्यावर आणि थ्रॉटलवर इतकी बटणं असतात की एका पॅडवर ती मावत नाहीत. सेसना १७२ ला कांडी, थ्रॉटल, रडर, ट्रिम आणि फ्लॅप एवढं पुरतं. पॅडच्या बटणांत नीट बसणारं विमान ते.

न्यूरोच्या डॉक्टरांची वेळ आम्ही रद्द केली नाही, दाखवून आणलं. वयाचा थोडा कंप आहे म्हणाले, तेवढाच.

परवा रविवारी संध्याकाळी सिम्युलेटरमध्ये खरं हवामान लावलं होतं. वारा ३०० अंशांवरून १२ नॉट. आपली धावपट्टी २४, म्हणजे तोंड २४० अंशांकडे, वारा उजव्या बाजूने साठ अंशांत. आजोबांनी बोटांवर हिशोब केला: आडवा वारा दहाच्या वर, सेसनाने १५ पर्यंत करून दाखवलेलं आहे, चालेल. दोन उशा कोपरांखाली, पॅड मांडीवर. ६५ नॉटवर येत होते, नाक उजवीकडे वाऱ्यात. अगदी खाली आल्यावर डावा ट्रिगर हळूच दाबला, नाक धावपट्टीच्या रेषेत आलं, उजवा पंख किंचित खाली. विमान एकदा टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि डाव्या काठावरच्या दिव्यांच्या अगदी जवळ जाऊन थांबलं.

बाबा दारातून टाळ्या वाजवायला लागले. आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाहेरून दाखव," म्हणाले, "चाकं बघू दे आधी. आडवं घासलंय ते."