कुंपण गेंड्यासाठी, तलावाचं काय?

कॉमन रूममध्ये डिस्कव्हरी लागलं आणि आफ्रिकेतला गुलाबी तलाव दिसला, की कोणीतरी "काय भारी सीन आहे यार!" म्हणतं आणि मॅच लावतं. तो तलाव बऱ्याचदा केनियातला नाकुरू असतो. नैरोबीच्या वायव्येला, रिफ्ट व्हॅलीत. त्याच्याभोवती १८८ चौ. कि.मी.चं राष्ट्रीय उद्यान आहे. गुलाबी रंग छोट्या फ्लेमिंगोंचा. ठाण्याच्या खाडीत येतात तीच जात. त्यांचं मुख्य खाणं स्पिरुलिना, जिच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतात. ही वाढते खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात. म्हणजे सगळं गणित पाण्यावर.

उद्यानाला चारही बाजूंनी विजेचं कुंपण आहे. चोरट्या शिकारीमुळे केनियातले काळे गेंडे संपत आले, तेव्हा १९८०च्या दशकात काही गेंडे इथे आणून सांभाळले, वाढवले. त्या कामाला सलामच! पण कुंपण घातलं की जबाबदारी संपली असं वाटायला लागतं, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. कारण तलावाचं पाणी येतं कुंपणाबाहेरून. माऊच्या जंगलाकडून येणाऱ्या नद्या आणि उशालाच असलेल्या नाकुरू शहराचं सांडपाणी, सगळं इथेच जमा होतं. बाहेर जायला वाट नाही. वर जंगल तुटलं की पावसात गाळासकट लोंढा येतो, एरवी नद्या कोरड्या. १९९०च्या दशकात हा तलाव जवळजवळ आटला होता. २०१०नंतर उलटंच झालं. पाऊस वाढला आणि पाणी इतकं चढलं, की उद्यानाचं मुख्य गेटच बुडालं. खारेपणा कमी झाला, स्पिरुलिना घटली, आणि बहुतेक फ्लेमिंगो बोगोरियासारख्या दुसऱ्या तलावांवर निघून गेले. मेस बंद पडल्यावर आपण जातो तसे.

त्यांना पंख आहेत हो. जिराफ, रानम्हशी, झेब्रे कुठे जाणार? काठाची कुरणं पाण्याखाली, मागे तारेचं कुंपण, त्यापलीकडे शहर.

कुंपण काढा असं मी अजिबात म्हणत नाही. शिकारी वाटच बघत असतील. पण तेवढीच काळजी शहराच्या सांडपाणी प्रकल्पाची आणि माऊच्या झाडांची घ्यायला हवी. सिव्हिलवाल्यांनो, हा तुमचाच सिलॅबस आहे! फक्त सांडपाणी प्रकल्पासमोर उभं राहून फोटो काढायला पर्यटक येत नाहीत, एवढीच अडचण.